उठवणारी खुर्ची विकणे आहे

माझ्या सासऱ्यांचं नाव बुधाजी, आणि ते कुणासाठी उठत नाहीत. एवढं सांगितलं की आमच्या गावात त्यांची ओळख पुरी होते. तरुणपणी मिठागरात दिवस दिवस उभं राहून पायांची सालं निघाली. मग ट्रक घेतले, पैसा आला, आणि गृहस्थांनी ठरवलं, आता बसायचं. एका लग्नात आमदार आले, सगळा मांडव उभा राहिला, हे आपले पायावर पाय टाकून पान लावतायत. लोक म्हणायचे, काय रुबाब! मी म्हणायची, डोंबलाचा रुबाब! अर्थात मनातल्या मनात.

त्या रुबाबापायी सख्खा धाकटा भाऊ तुटला. काळूरामकाका समोरच्याच घरात राहतात. मी या घरात यायच्या आधीची गोष्ट, पण गाव अजून चघळतंय. काका मुलीच्या लग्नाचं आवतण घेऊन आले होते. अक्षता उभं राहून घ्यायच्या, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सासऱ्यांनी बसल्या बसल्या हात पुढे केला. काकांनी अक्षता उंबऱ्यावर ठेवल्या आणि चालते झाले. तेव्हापासून बोलणं बंद. आमच्या हळदीलाही काका आले नाहीत. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत, पोट बिघडलंय म्हणाले. पोटाला काही झालं नव्हतं.

पुढे गुडघे गेले. मी आणि माझा नवरा प्रणय, दोघांनी दोन बगलांत हात घालून उठवायचं आणि वर शिव्या खायच्या. मांडव्याकडच्या एका बंगलेवाल्या शेठनं घरातलं सामान काढलं, त्यातून प्रणयनं ही खुर्ची आणली. बटण दाबलं की बैठक मागून हळूहळू वर येते आणि माणसाला अलगद पायांवर उभं करते. घ्या! आमदाराला जे जमलं नाही ते खुर्चीनं केलं.

अख्खं गाव बघायला लोटलं. "चालवून दाखवा ना!" म्हटलं की सासरे वर. दूधवाला आला, सासरे वर. विजेचं बिल वाटणारा आला, त्याच्यापुढेही वर. तो बिचारा कावराबावरा होऊन म्हणाला, "बसा बसा काका, मी काय साहेब न्हाय."

झालं! "इका ही अवदसा!" म्हणून सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं.

प्रणयनं फोनवर फोटो टाकून जाहिरात दिली. आता गंमत बघा. गिऱ्हाइकाला खुर्ची चालवून दाखवायला नको? मी बसून दाखवते म्हटलं, तर म्हणाले, "माझ्या खुर्चीत सून बसनार?" म्हणजे उठायला लागू नये म्हणून खुर्ची विकायची, आणि विकण्यासाठी येईल त्याच्यापुढे उठायचं! माणगावचा जुन्या फर्निचरचा व्यापारी आला, त्याच्यापुढे उठले. काशीदची होमस्टेवाली आली, तिच्यापुढेही उठले. ती म्हणाली, "पाहुण्यांना मज्जा येईल." सासरे कडाडले, "जत्रेतला पालना वाटला काय तुला?" बाई चपला हातात घेऊन पळाली.

अशात काळूरामकाका पडले, खुब्याचं हाड मोडलं. ते इस्पितळातून घरी आले तसे सासरे रोज मला आडून आडून विचारायचे, "समोरचा म्हातारा उठतो का गं?" मी म्हणायची, "जाऊन विचारा की." मग माझ्याकडे पाठ.

आणि एका दुपारी वॉकर ठकठकवत काका आमच्या दारात उभे.

"खुर्ची बगायला आलोय," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "मानसाला न्हाय."

सासरे खुर्चीतच होते. "दाखव त्याला," ते मला म्हणाले. बटण मी दाबणार, उठवणार खुर्ची. म्हणजे रुबाबही शाबूत आणि भावासाठी उठणंही झालं! म्हाताऱ्याच्या तोंडावर हे इतकं सरळ दिसत होतं की मला हसू आवरेना.

मी बटण दाबलं. खुर्ची हलेना. पुन्हा दाबलं. वर पंखा मंदावत मंदावत थांबला. मेल्या लाइटीला आत्ताच जायचं होतं! काका उंबऱ्याबाहेर, सासरे बसलेले, पुन्हा तेच चित्र. "लाइट..." मी पुटपुटले, तोवर काका वॉकर वळवायला लागले होते.

"थांब रं," सासरे म्हणाले.

त्यांनी दोन्ही हत्ते धरले. मी धावले तर माझ्यावर डोळे वटारले. मान लालबुंद झाली, गुडघे कडकड वाजले, तोंडातून "आई गं" निघालं, आणि माझा सासरा उभा राहिला. वाकडातिकडा, लटपटत, पण उभा. मला रडू फुटलं. फुटलं तर फुटलं.

काकांनी वर बंद पंख्याकडे पाहिलं. मग भावाकडे.

"चांगली चालते खुर्ची, दादा," ते म्हणाले.

"चालते," सासरे म्हणाले. "घेऊन जा. पन आदी आत ये न् धर मना, पडतोय मी."

काका उंबरा ओलांडून आत आले.