वाटी संपल्यावर

टी. नगरच्या गर्दीत कढईतून निघालेल्या मुरुक्कूचा, म्हणजे इथल्या चकलीचा, वास आला की मला ती आठ वर्षांची गुबगुबीत मुलगी आठवते. मी तेव्हा चेन्नईत नवीनच आले होते, लहान मुलांच्या खाण्याच्या सवयींवरच्या एका संशोधनात मदतनीस म्हणून. पोटभर जेवलेल्या मुलाला खेळणी आणि खाऊची वाटी देऊन खोलीत दहा मिनिटं एकटं बसवायचं आणि मग उरलेल्या खाऊचं वजन लिहायचं, एवढंच माझं काम. "पोट भरलं ना?" मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं. "पोदुम अक्का, पुरे," म्हणत तिने पोटावरून हात फिरवला. तिला मी दिसणार नाही अशा काचेआडून मी बघत राहिले. खेळण्यांना तिने हातही लावला नाही. दाराकडे नजर ठेवून ती एकेक मुरुक्कू पाण्याच्या घोटाबरोबर नेटाने संपवत होती. मी आत गेले तेव्हा वाटी रिकामी होती. "भूक लागली होती का गं?" "नाही अक्का. घरी डबा संपला की कामावर गेलेल्या अम्माला फोन करायचा असतो, मग ती बोलते. म्हटलं, इथेही संपवलं की कुणीतरी येईल." आणि मी आलेच होते! फॉर्मवर याला रकाना नव्हता. 'भूक नसताना खाल्लं' यावर खूण करून मी पुढच्या मुलाला बोलावलं. आज घरी येताना मुरुक्कूचा पुडा आणला, जेवण झालेलं असूनही उभ्याउभ्या संपवला, आणि हात धुताना लक्षात आलं, मी दाराकडे बघतेय. कडी मीच आतून लावलेली होती.