कापायला न दिलेले पत्ते

मंडळी, गोव्यात आहे आणि पार थकून राहिलो. दुपारी बाबांना हौसेनं कॅसिनोत नेलं. ब्लॅकजॅकच्या टेबलावर कमीत कमी दोन हजार लावा म्हणे, म्हणून एकच डाव घेतला.

पत्ते वाटायच्या आधी बाबांनी कापायला हात पुढे केला. आमच्या पांढुर्ण्यात एकानं पिसायचे, दुसऱ्यानं कापायचे, नाहीतर डाव कोणी मानत नाही.

वाटणारी पोरगी म्हणाली, "अंकल, हात नका लावू. मशीन पिसते."

डाव गेला. बाबा बाहेर पायरीवर बसले.

"छप्पन साली राज्यंबी अशीच पिसली. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आपण मध्यप्रदेशात राहिलो. तवा आपल्याले कापाले कोनं देल्लं?"

पांढुर्णा-सौसरवाल्यांनो, छप्पन साली तुमच्या घरी कोणाला विचारलं होतं का?