चिंचोक्यांत मोजलेलं दुखणं

"रिलॅप्स आहे," मुंबईचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे गेलेला आजार उलटला होता. माझ्या नऊ वर्षांच्या आर्याला युइंग सार्कोमा होता, म्हणजे हाडाचा कॅन्सर. केमो झाली, मांडीचं ऑपरेशन झालं, डोक्यावर पुन्हा केसही आले होते. आता तो कण्यात आणि फुप्फुसात पोचला होता. "बरं करणारा इलाज उरलेला नाही. आता पॅलिएटिव्ह केअर सुरू करू," ते म्हणाले.

मी चौक गावात गॅरेज चालवतो, बिघडलेलं दुरुस्त करणं हेच माझं काम. इलाज उरला नाही, हे मला ऐकवेना. मी त्यांच्यावर आवाज चढवला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि समजावलं, पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हात वर करणं नव्हे. दुखणं, दम लागणं, भीती, झोप नसणं, या सगळ्यावर घरी राहून उपचार करायचे. मला वाटलं, गोड बोलून वाटेला लावतायत.

डोंगरावरच्या वाडीतल्या आमच्या घरी आम्ही ठरवलं, पोरीला काही कळू द्यायचं नाही. आल्यागेल्याला माझी बायको सुनंदा दारातच बजावायची. आर्याने विचारलं की मी सांगायचो, "पाठीला सूज हाय गं, उतरंल."

मग मुंबईच्या डॉक्टरांनी पाठवलेल्या डॉक्टर अनघा घरी आल्या. कॅन्सर झालेल्या खेड्यातल्या मुलांचं दुखणं नेमकं किती, हे कसं ओळखायचं, यावर त्यांचं संशोधन. कर्जत-खालापूरची गावं आणि डोंगरावरच्या वाड्या त्या पायाखाली घालत होत्या. मी मनात म्हटलं, झालं, आता आमच्या लेकरावर प्रयोग. चहासुद्धा विचारला नाही.

त्यांच्याकडे चेहऱ्यांची एक पट्टी होती, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. तुझं दुखणं यातल्या कुठल्या चेहऱ्यासारखं, असं मुलांना विचारतात. आर्याने हसऱ्यावर बोट ठेवलं आणि माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरबाईंना पटलं नाही. आपल्याकडच्या मुली पाहुण्यांपुढे रडका चेहरा दाखवत नाहीत, हे त्यांनी घरोघरी पाहिलं होतं. त्यांनी पट्टी बाजूला ठेवली आणि चिंचोक्यांची पिशवी काढली. "एक चिंचोका म्हणजे थोडंसं दुखणं. तुझं असेल तेवढं माझ्या हातात दे."

आर्याने माझ्याकडे पाहिलं आणि एकच दिला.

"तुम्ही जरा बाहेर थांबता?" बाई मला म्हणाल्या. मी तणतणत पडवीत गेलो, पण दारातून आतलं दिसत होतं, ऐकूही येत होतं. आर्याने ओंजळ भरून दिली. मग आख्खी पिशवी त्यांच्या मांडीवर ओतली.

"बाबांपुढे का नाही सांगितलंस?"

"बाबा लय घाबरतो. मी मरनार हाय, ते त्याला म्हाईत नाय."

आम्ही जिच्यापासून लपवत होतो, ती आम्हालाच सांभाळत होती.

मॉर्फिन सुरू झालं. ते अफूपासून बनतं, दुखणं मारतं. अफू म्हटल्यावर मी आधी नकोच म्हटलं. बाईंनी न कंटाळता समजावलं, दुखण्यापुरतं मोजून दिलं तर पोर व्यसनी होत नाही. सुरुवातीला आर्या झोपून असायची. मग उठून बसली, सुक्या बोंबलाचं कालवण मागितलं, दहिवलीच्या आत्याकडे राहून आली. मी आ वासून बघत होतो. एवढं शिकलेली बाई डोंगर चढून एका पोरीला विचारते, आणि ती सांगेल त्यावर विश्वास ठेवते. मला अजून त्याचं नवल वाटतं. तुमच्या घरी असं लेकरू असेल तर तुम्हीही त्यालाच विचारा. आम्ही फार उशिरा विचारलं.

एका संध्याकाळी आर्या म्हणाली, "बाबा, मी बरी नाय ना व्हनार?" दारातून सुनंदा मला मान हलवून नको नको म्हणत होती.

"नाय गं बाळा," मी म्हटलं. उभ्या आयुष्यात मला एवढं जड काही बोलावं लागलं नव्हतं.

ती जराशी रडली. मग म्हणाली, "मंग उद्यापासनं गॅरेजला जाऊ नको."

मी गेलो नाही. ती गेली त्या सकाळी तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिला दुखत नव्हतं. हे मी माझ्या मनानं सांगत नाही, तिनंच मला सांगितलं होतं.