उसवलेली बाही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही कुंदाला ओळखत नाही.

नाचणगावात माझं शिवणाचं दुकान आहे. आता हाताखाली दोघी आहेत, लग्नसराईत पुलगावच्याही पुढून बायका येतात. पण मला आठवतात ते सुरुवातीचे दिवस — दोनच मशिनी, वर पत्रे, आणि समोर कुंदा. आम्ही एकाच वयाच्या, एकाच क्लासला शिकलेल्या. ती घरच्या वांग्यांची भाजी आणायची, मी भाकरी. दुपारी मशिनीवरच फडकं पसरून जेवायचो. हसता हसता ठसका लागायचा. तसं हसणं मला पुन्हा कोणाबरोबर जमलं नाही.

हात तिचा होता, तोंड माझं. क्लासमध्ये माझी एकही बाही खांद्याला धड बसली नव्हती — पण गळ्यात टेप अडकवून मी अशा ऐटीत उभी राहायचे की बायकांना वाटायचं, बाई भारी हुशार. माप मी घ्यायचे, कापायची आणि शिवायची ती. नाव कोणाचं होत होतं, हे वेगळं सांगायला हवं का?

एका दुपारी ती डबा पुसता पुसता म्हणाली, “सुमन, माह्या ओसरीत मशीन टाकू म्हणते. जमन का वो मले?”

तिला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं — जिच्या हातची शिलाई बघून बायका पुलगावहून चालत येत होत्या, ती मला विचारत होती. मी हो म्हटलं असतं तर? ती गेली असती, आणि आठवड्याभरात माझं पितळ उघडं पडलं असतं.

बघू, म्हटलं. त्याच संध्याकाळी, कुंदा घरी गेल्यावर, एक बाई आली. कुंदाने शिवलेला ब्लाऊज मापासाठी ठेवून गेली — अगदी असाच दुसरा शिवा, म्हणाली. ती गेल्यावर मी — थांबा, सांगते. मी त्या ब्लाऊजची बाही उसवली. माझ्या हाताने. आणि सकाळी तो कुंदासमोर ठेवला.

“वापस आला वो. बाही ओढून राह्यली म्हणते.”

तिचा चेहरा उतरला. मान खाली घालून तिने बाही पुन्हा जोडली — होती तशीच, तसूभर फरक नाही. “आता बसली,” मी म्हटलं.

ओसरीचा विषय तिने परत काढला नाही. कात्री लावण्याआधी मला विचारू लागली, दर वेळी. मी मान हलवायचे, आणि तिची कात्री कुठून वळते ते चोरून बघायचे. तसं बघत बघत मी शिकले. माझी ऐट आधी आली, कसब मागून. आणि तिचं? तिचा हात चुकू लागला, कापड खरोखर बिघडू लागलं. चार वर्षांनी तिने शिवण सोडलं.

मागच्या उन्हाळ्यात वडनेरला एका लग्नात भेटली. तिथे मुलाकडे राहते. किती आनंद झाला तिला! मला बाजूला नेऊन बसवलं, माझा हात हातात घेतला.

“बरं झालं, तू तवा खरं सांगतलं वो,” म्हणाली. “नाईतर म्या किती बायाइचे कापडं खराब केले असते.”

जवळ कोणी नव्हतं. सांगायची तीच वेळ होती.

मी म्हटलं, “हो.”