आधी नाव, मग बातमी

गेल्या रविवारी डोंबिवलीच्या एका वाचनालयात भाषणाला गेलो होतो. विषय होता, दुसऱ्या महायुद्धानंतरचा विलायती रेडिओ. मी फौजेत रेडिओ ऑपरेटर, म्हणजे मला जगातला प्रत्येक रेडिओ पाठ असणार, असा लोकांचा समज. पहिल्या रांगेत मोहन्याहून आलेल्या सुनंदाताई होत्या. लान्स नायक मिलिंद कांबळे, माझा जिवलग, त्याची ही थोरली बहीण. त्यांना रेडिओशी काही देणंघेणं नव्हतं.

महायुद्धात लंडन रेडिओचा निवेदक आधी स्वतःचं नाव सांगे, मग बातम्या. शत्रूने खोटा निवेदक बसवला तर आवाजावरून ओळखू यावा म्हणून. युद्ध संपलं आणि बातम्यांआधीची नावंही गेली. आम्हाला सेट शिकवणारे उस्ताद, सुभेदार साळवी, यांचे वडील तेव्हा मुंबईत ते प्रसारण ऐकत. वडील म्हणायचे, "भांडण मिटलं की माणूस पहिली दाराची कडी काढतो."

उस्तादांनी लंडनची ती रीत आम्हाला लावली. सेटवर आधी नाव, मग निरोप. पुढे सीमा शांत झाली, उस्ताद निवृत्त झाले, नवे मेजरसाहेब आले. "हवेत नावं नकोत. फक्त कॉलसाइन." नियमाने साहेब बरोबर होते. नावं बंद झाली, उरली ती ठरवून दिलेली सांकेतिक नावं.

त्यानंतरच्या एका सकाळी दाट धुकं होतं. चौघांची गस्त बाहेर होती, सेट मिलिंदच्या पाठीवर. मी चौकीवर, कॉलसाइन गरुड. निघताना तो म्हणाला होता, "चहा टाकून ठेव रे. तुझ्यासारखा पाणचट नको."

अचानक सेटवर अनोळखी आवाज आला. "गरुड बोल रहा हूँ. नाले से वापस आओ."

गरुड तर मी होतो. कुणीतरी आमचं बोलणं चोरून ऐकत होतं, आणि नाल्यात दबा धरून बसलं होतं. मी झटकन बटण दाबलं.

"नाले में मत उतरो! गरुड बोल रहा हूँ!"

खरखर. मग मिलिंद. "दोन-दोन गरुड? कोण आहे?"

"शरद बोलतोय! नाल्यात उतरू नको, वर चढ!"

लगेच तो दुसरा. "शरद बोल रहा हूँ. नाले से आओ."

सेट गप्प झाला. मी देवाधर्माचा माणूस नाही, पण तेव्हा हात जोडले. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

मग मिलिंदचं हसू ऐकू आलं. "नाव उचललं रे त्याने. तुझा फाटका आवाज कुठून आणणार?"

सावज वळलं हे नाल्यातल्यांना कळलं असावं. खालून गोळीबार सुरू झाला.

"मिलिंद, रिपोर्ट!"

"मिलिंद बोलतोय. तिघांना वर पाठवलंय. ओव्हर."

"आणि तू?"

उत्तर आलं नाही. तिघे जिवंत परतले. ते वर चढेपर्यंत नाल्याच्या तोंडाशी तो एकटा लढत राहिला होता.

भाषण संपल्यावर सुनंदाताई जवळ आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"भाऊ, तो शेवटचं काय बोलला?"

मी जसंच्या तसं सांगितलं, "मिलिंद बोलतोय. तिघांना वर पाठवलंय. ओव्हर." त्यांनी मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला.

काल त्यांचा फोन आला. एरवी त्या म्हणतात, "मी ताई." काल म्हणाल्या, "मिलिंदची बहीण बोलतेय."