मंगलताई पगारे आणि दोन तुकड्यांतला ऱ

मंगलताई पगारे यांच्याशी माझी पहिली ओळख झाली ती माझ्या फजितीतून. नाशिकला कॉलेज रोडवर चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमच्या कंपनीचे कार्यालय आहे. तिथे मी मालेगावहून मुलाखतीला आलो होतो. सोबत पदवी, शिफारसपत्र आणि चावणारे नवे बूट. ताईंनी यातले काहीच पाहिले नाही. त्यांनी विंडोजचा एक संगणक माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "एक फोल्डर करा. नाव द्या पी.आर.एन."

मी नाव टाइप केले. संगणकाने नकार दिला. मोठी अक्षरे वापरून पाहिली, छोटी वापरून पाहिली, नकार कायम.

"मॅडम, होत नाहीये."

"कोणाच्यानेच होत नाही," ताई अत्यंत समाधानाने म्हणाल्या. "पण आधीचे सगळे म्हणाले, तुमचा संगणक बिघडलाय. तुम्ही एकटेच म्हणालात, होत नाहीये. चहा घेणार ना?"

मला नोकरी लागली ती अशी. पुढे कळले की विंडोजने फार पूर्वीपासून ही तीन अक्षरे प्रिंटरसाठी राखून ठेवली आहेत. आणि कळवणच्या एका महाविद्यालयाने विद्यार्थ्यांची सारी कागदपत्रे नेमक्या याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली होती, कारण विद्यापीठाच्या नोंदणी क्रमांकालाही पी.आर.एन.च म्हणतात. ताईंनी लिहिलेल्या प्रोग्रॅमचे नाव 'जुळणी'. एका संगणकावर फाईल बदलली की दुसऱ्या संगणकावरची तीच फाईल आपोआप बदलायची, एवढेच त्याचे काम. जन्म लिनक्स या विंडोजहून वेगळ्या प्रणालीवरचा, त्यामुळे तिथे तो सुखात होता. महाविद्यालयाने विंडोजचे नवे संगणक घेतले आणि ते फोल्डर दारातच अडकले. तिथले कारकून रोज फोन करीत. "मॅडम, हे नाव विद्यापीठानं दिलंय. नाही म्हणणारा हा संगणक कोण लागून गेलाय?"

ताईंनी त्यांना नाव बदलायला सांगितले असते तर विषय तिथेच मिटला असता. त्यांनी सांगितले नाही. विंडोजवर पोहोचताना नावापुढे एक छोटी खूण लागेल आणि लिनक्सवर परतताना ती गळून पडेल, अशी सोय त्यांनी केली. "ज्याच्याकडे जे यंत्र आहे त्यावर चाललं पाहिजे, आणि त्याने ठेवलेल्या नावानं चाललं पाहिजे," हे त्यांचे म्हणणे. आमचे संचालक दातेसाहेब या म्हणण्याला 'मंगलताईंचा हट्ट' म्हणत. त्यांच्या मते सर्व ग्राहकांना विंडोज घ्यायला लावणे हा त्याहून सोपा मार्ग होता.

या हट्टाची खरी परीक्षा देवळ्याला झाली. तिथल्या कांदा उत्पादकांच्या कंपनीने 'जुळणी' घेतली होती. कार्यालयात लिनक्स, अध्यक्ष रामदास आप्पांकडे विंडोजचा लॅपटॉप, आणि त्यांची सून कोमल, जी वास्तुविशारद आहे, तिच्याकडे कॉलेजपासूनचा जुना मॅक, म्हणजे तिसऱ्याच जातीचा संगणक. महिनाभर सारे सुरळीत चालले. मग एका सकाळी आप्पांचा फोन आला.

"ताई, आमच्या तालुक्यात शेतकरी जेवढे नाय, तेवढे तुमच्या डब्यात झालेत. आन् वाढूनच राह्यलेत."

आप्पांची तक्रार शब्दशः खरी होती. नुकत्याच आलेल्या 'शेतकऱ्यांची चाळ' या नावाच्या नकाशाच्या प्रती आपोआप निघत होत्या. 'कांदा' नावाची फाईल एकच राही, 'शेतकरी' नावाचीही एकच. पण 'शेतकऱ्यांची' म्हटले की तिला पिलावळ फुटे. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या कांदाचाळीच्या, म्हणजे कांदा साठवायच्या शेडच्या, पायाची आखणी व्हायची होती. पाहुणे ठरले होते, मांडव घातला होता, आणि प्रतींच्या त्या ढिगातून नकाशा नेमका कोणता धरायचा हे कोणालाच सांगता येत नव्हते.

दातेसाहेबांनी तोडगा काढला. "त्यांना सांगा, नावात तो ऱ वापरू नका."

ताईंनी चष्मा काढला. "साहेब, शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांचं नाव लिहायचं नाही?"

दातेसाहेबांनी मग निर्वाणीचे सांगितले. देवळ्याचे आज निस्तरले नाही, तर 'जुळणी' मॅकवर चालवायचे काम कायमचे बंद. ताई आणि मी गाडीत बसलो. रमजानचा महिना होता, माझा रोजा होता. ताईंनी वाटेत खायला भडंग घेतले होते, ते मला त्रास नको म्हणून देवळ्यापर्यंत पिशवीतून बाहेर काढले नाही. मी दहा वेळा आग्रह केला, तेव्हा म्हणाल्या, "मला भूक नाही." त्यांच्या पोटातून येणारा आवाज मात्र वेगळेच सांगत होता.

तिन्ही संगणक शेजारी ठेवून ताई दुपारभर बसल्या, आणि अखेर चोर सापडला. विंडोज तो ऱ एकसंध ठेवत होता. कोमलचा जुना मॅक त्याचे दोन तुकडे करून ठेवत होता, एक र आणि एक खालचे टिंब. डोळ्यांना दोन्ही नावे सारखीच दिसत. आमचा प्रोग्रॅम मात्र त्यांना वेगवेगळी समजून दर फेरीला दोन्हींची प्रत काढून जपत होता.

आप्पांना हे कसे समजवावे, या विचारात मी होतो. ताईंनी विचारले, "आप्पा, तुम्हाला घरात काय म्हणतात?"

"आप्पा."

"आणि मतदार यादीत?"

"रामदास."

"म्हणजे माणूस एकच. पण माझा प्रोग्रॅम आप्पांना एक ताट वाढतो आणि रामदासांना दुसरं."

आप्पांनी विचारले, "मंग दोन्ही ताटं मी जेवू का?"

नावे ताडून पाहण्याआधी दोन्हीकडचा ऱ एकाच पद्धतीने लिहून घ्यायचा, एवढी दुरुस्ती होती. ती झाली, पिलावळ थांबली. प्रश्न उरला झालेल्या प्रतींचा. सारख्या प्रती ताईंनी एकत्र केल्या, तेव्हा शेवटी एकमेकांशी न जुळणारे दोन नकाशे उरले. इतक्यात दातेसाहेबांचा फोन आला. दोन नकाशे उरल्याचे ऐकताच ते म्हणाले, "जुन्या तारखेचा पुसून टाका आणि निघा!"

"पुसणार नाही," ताई म्हणाल्या. "माणसानं पाहिल्याशिवाय आपण कोणाचं काही पुसत नाही." फोनवर बराच वेळ बोलणे चालले. ताई फक्त "हो" आणि "पुसणार नाही" एवढेच म्हणत होत्या.

दिवस कलला होता. इफ्तारला किती वेळ आहे ते पाहावे म्हणून मी कोमलच्या मॅककडे नजर टाकली. तिथे भर दुपार होती. तारीख पाहिली, तर साल असे की तेव्हा मी शाळेत होतो.

"ताई, या घड्याळाप्रमाणे मला अजून बराच उपास आहे."

ताई उठून आल्या. आतली बॅटरी मेली होती. मॅक बंद करून चालू केला की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाई. म्हणजे कोमलने काल केलेल्या नकाशावर अनेक वर्षांपूर्वीची तारीख पडली होती. जुना म्हणून पुसला जाणार होता तो नवा नकाशा!

मांडवाकडे गेलेल्या कोमलला बोलावले. तिने दोन्ही नकाशे पाहिले आणि एकावर बोट ठेवले. "हा माझा, कालचा. यात चाळ फिरवलीय. आधीच्यात आमच्याकडचा वारा चाळीतून आडवा जातच नव्हता. सगळा कांदा सडला असता."

आप्पांनी दोन्ही नकाशे पुन्हा पाहिले. नंतर हळूच म्हणाले, "ताई, लय मोठं टळलं." तेवढ्यात गावातल्या मशिदीतून अजान ऐकू आली. आप्पांनी माझ्यासमोर खजूर आणि केळी ठेवली, आणि ताईंनी एकदाचे ते भडंग बाहेर काढले. रोजा माझा होता, पण जास्त भुकेले कोण होते हे भडंगाच्या पुड्याने दाखवून दिले.

चाळ कोमलच्या नकाशाप्रमाणे उभी राहिली आणि त्या हंगामात कांदा उत्तम टिकला. मॅकचे काम चालू राहिले. 'आमची जुळणी विचारल्याशिवाय काही पुसत नाही,' असे दातेसाहेब आता प्रत्येक ग्राहकाला अभिमानाने सांगतात; ही कल्पना त्यांचीच असावी असा ऐकणाऱ्याचा समज होतो. ताई तो समज दुरुस्त करीत नाहीत. "बोलू द्या, विकलं जातंय," म्हणतात.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी मी हा लेख पाठवला तेव्हा तो संपादकांच्या संगणकावर उघडेना. अक्षरांच्या जागी चौकटी दिसू लागल्या. संपादकांनी बिनदिक्कत तो उघडून द्यायला ताईंकडेच पाठवला. ताईंनी दुरुस्त करून परत दिला आणि मला आवर्जून सांगितले, "मी काही वाचलं नाही हं." दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या, तेव्हा सहज म्हणाल्या, "पोटातून आवाज येत नव्हता. इंजिनाचा होता."

ताई, साठी पूर्ण केल्याबद्दल आम्हा सर्वांचा नमस्कार. तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, गुडघे आणि डोळे शेवटपर्यंत साथ देत राहोत. आणि आवाज इंजिनाचा नव्हता. गाडी तेव्हा पेट्रोल पंपावर बंद उभी होती.