नारळी पुनवेची ओहोटी

आमच्या सोसायटीतल्या लोकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, ‘आपला तपास’. मेंबर बावीस. यातल्या एकानेही आयुष्यात स्वतःची हरवलेली छत्रीसुद्धा शोधून काढलेली नाही. पण आम्ही सगळे लहान असताना टीव्हीवर दर आठवड्याला लागायची ती पोलिसांची मालिका कुणीतरी इंटरनेटवर पुन्हा टाकली, आणि बोईसरच्या आमच्या तीन मजली बिल्डिंगीत घराघरातून इन्स्पेक्टर बाहेर पडले. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता सोसायटीच्या ऑफिसात पडदा लावायचा, एक भाग बघायचा, मग त्यावर चर्चा. सेक्रेटरी याला ‘पुनरास्वाद’ म्हणतात. शब्द त्यांनी स्वतः शोधलाय. नोटीस बोर्डावर पाण्याच्या टाकीच्या सफाईखाली तो दर आठवड्याला ठळक अक्षरात असतो.

मीही जात होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाटेल मी लांबून नाक मुरडतेय. मी पहिल्या रांगेत बसून मुरडलंय. मालिका मलाही पाठ होती. इन्स्पेक्टर टोपी काढून टेबलावर ठेवतो तेव्हा गुन्हेगार खोलीतच असतो, हे मलाही माहीत होतं. फरक एवढाच की मी ते बोलून दाखवत नव्हते. बाकीचे प्रत्येक वाक्य इन्स्पेक्टरच्या आधी म्हणायचे. वाक्य बरोबर आलं की शेजारच्याकडे बघायचे, जणू बोर्डात आलेत. मध्येच कुणीतरी उसासा टाकायचं, “आता असं कुणी बनवत नाही.” सेक्रेटरी लगेच रिमोटने चित्र थांबवून सांगायचे, “कारण तेव्हा अभ्यास असायचा. एकेक गोष्ट तपासून घ्यायचे ते लोक. उगाच काहीतरी दाखवलंय असं एका जागी सापडणार नाही तुम्हाला.” मग सगळे माना हलवायचे आणि बटाट्याचे वेफर्स पुढे सरकायचे.

त्या रविवारी मी बाबांना घेऊन गेले. बाबा मुरब्याचे, पालघरजवळच्या समुद्रकाठच्या कोळीवाड्यातले. आयुष्यभर मासेमारी केली. आई गेल्यापासून एकटेच राहतात, आणि मला भाऊ नाही. पालघरला त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं आणि दहा दिवसांसाठी म्हणून माझ्याकडे आणलं. माझ्या मनात मात्र दहा दिवस नव्हते. त्यांनी कायमचं राहावं असं मला वाटत होतं. यात माया होती आणि तेवढीच फुशारकीही होती. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, बी.एस्सी. केमिस्ट्री. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी, स्वतःच्या नावावर फ्लॅट. बापाला त्या फ्लॅटच्या बाल्कनीत खुर्चीवर बसलेला लोकांनी बघावा, असं मला वाटत होतं. बाबा खुर्चीवर बसायचे आणि विचारायचे, “कवा सोडतेस?” मी विषय बदलायचे. त्यांना इथे माणसं मिळाली तर ते रमतील, असा हिशेब करून मी त्यांना ‘पुनरास्वादा’ला नेलं. आता लिहिताना हसू येतं. माणसं मिळवून द्यायला मी कुठे नेलं, तर तिथे.

डॉक्टरांनी आठवडाभर टीव्ही बघायला मनाई केली होती. त्यामुळे बाबा काळा चष्मा लावून, भिंतीकडे तोंड करून नुसते ऐकत होते.

भाग निघाला तो समुद्रावरचा. किनाऱ्यावरच्या बंगल्याच्या मालकाचा नारळी पौर्णिमेला, भर दुपारी बारा वाजता खून होतो आणि संशय एका होडीवाल्यावर येतो. तो हात जोडून म्हणतो, “नाय साहेब, आमी नाय केला.” आमच्या ऑफिसात चार-पाच जण त्याच्याबरोबर तस्सेच कण्हले, “आमी नाय केलाऽ,” आणि खोली हसली. हे वाक्य या मालिकेतलं सगळ्यात गाजलेलं. मी नोकरीला लागले तेव्हा मुरब्याची म्हटल्यावर लॅबमधल्या एकाने हेच वाक्य मला म्हणून दाखवलं होतं. मीही हसले होते. हसण्यात आपण पुढे आहोत हे दाखवायला जरा जास्तच हसले होते.

“हा कुठचा?” बाबांनी मला विचारलं.

“मालिकेत कोळी आहे तो.”

“नाय. आपला मानूस असा नाकातून नाय बोलत. सर्दी झालीय याला.”

होडीवाला सांगतो की बारा वाजता मी बंदरात होतो, पाण्यातली होडी बांधत होतो. इन्स्पेक्टर टोपी काढतो. टेबलावर ठेवतो. “नारळी पौर्णिमा. दुपारचे बारा. ओहोटी होती. तुझी होडी चिखलात रुतलेली होती. मग पाण्यात काय बांधत होतास?” आणि मग ते वाक्य, जे अख्ख्या खोलीने एका सुरात म्हटलं, आरतीसारखं, “समुद्र साक्ष देतो!” पाठोपाठ थप्पड. होडीवाला गुन्हा कबूल करतो. टाळ्या.

टाळ्या संपता संपता बाबा बोलले. डोळ्यांवर पट्टी-चष्मा असला की माणूस जरा मोठ्याने बोलतो.

“पुनवेला बारा वाजता ओहोटी कशी? पानी तर पार वर असतं.”

हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकत होते.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सातवीत होते. हाच भाग, मुरब्याच्या घरी, शेजारपाजारचे सगळे जमलेले. बाबा जाळं बाजूला ठेवून येऊन बसले होते, आणि अगदी हेच म्हणाले होते. तोवर आमच्याकडे बापाला ‘तू’च म्हणायचे. शाळेत बाईंनी वडिलांना ‘तुम्ही’ म्हणावं असं शिकवलं होतं आणि मी ते नुकतंच घरात सुरू केलं होतं. तर मी सगळ्यांसमोर म्हटलं, “तुम्ही गप बसा. तुम्हाला काय कळतंय? ते शिकलेले लोक आहेत.” बापाचा अपमान मी असा आदरार्थी बहुवचनात केला. बाबा गप बसले. त्यानंतर टीव्ही चालू असताना ते कधी बोलले नाहीत. मालिकेच्या वेळेला अंगणात काहीतरी काम काढायचे. मला वाटायचं, त्यांना आवड नाही.

आणि त्याच वर्षी भूगोलाच्या पेपरात ‘भरती-ओहोटी कशामुळे होते?’ या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते. चंद्राचं गुरुत्वाकर्षण, पौर्णिमेची उधाणाची भरती, आकृती, बाण, सगळं. ही भरती आमच्या दारासमोर किती वाजता येते ते पुस्तकात नव्हतं, म्हणून माझ्या लेखी ते ज्ञानच नव्हतं.

सेक्रेटरींनी चित्र थांबवलं. “काय म्हणालात काका?”

बाबांनी पुन्हा सांगितलं, या वेळी समजावून, “बारा वाजता भरती असते. होडी पान्यातच असनार. म्हंजे तो मानूस खरं बोलतोय.”

“काका, तो चष्मा निघू द्या, मग सगळं नीट दिसेल बघा,” सेक्रेटरी म्हणाले. खोली पुन्हा हसली. वरच्या मजल्यावरच्या वहिनी वाकून, लहान मुलाशी बोलावं तशा म्हणाल्या, “काका, चहा घेतलात का तुम्ही?”

बाबांनी मान खाली घातली. मुरब्याच्या घरात घातली होती तशीच. मला काय वाटलं ते मी रंगवून सांगत नाही. मी मोबाईल काढला, भरतीचं वेळापत्रक शोधलं, आणि उभी राहून वाचायला लागले. गेल्या वर्षीची नारळी पौर्णिमा. दुपारी बाराच्या आगेमागे पूर्ण भरती. त्याच्या आधीच्या वर्षी तेच. त्याच्याही आधी तेच.

“बाबा बरोबर सांगतायत,” मी म्हटलं. “इन्स्पेक्टरचा पुरावाच खोटा आहे. होडीवाला निर्दोष आहे.”

मला वाटलं, आता या तपास करणाऱ्या मंडळींचे डोळे चमकतील. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट त्यांच्या ऑफिसात, त्यांच्या वेफर्सच्या डिशसमोर सापडली होती. खऱ्या चाहत्याला याहून मोठं काय हवं? सेक्रेटरी हसले आणि म्हणाले, “मॅडम, मालिका आहे हो ती. एवढं काय मनावर घ्यायचं?”

मालिका आहे ती. पाऊण तासापूर्वी हाच माणूस सांगत होता की त्यात एक चूक सापडणार नाही.

“मग दर रविवारी आपण काय मनावर घेतो?” मी विचारलं.

“अगं, रंगाचा बेरंग नको ना,” वहिनी म्हणाल्या.

मला या लोकांचा राग येत नाही. राग यायला समोर काहीतरी लागतं. त्यांना गुन्ह्याशी देणंघेणं नाही, तपासाशी नाही, त्या मालिकेशीही नाही. त्यांना फक्त आपण लहान होतो ते आवडतं. तेव्हा जे जे बरोबर म्हणून सांगितलं गेलं, ते तसंच्या तसं बरोबर राहायला हवं. कुणी काळ्या चष्म्यातला म्हातारा ‘हाय-नाय’ करत उठला आणि त्यातली एक वीट काढायला लागला, तर त्याला चहा पाजायचा.

बाबांचं अजून संपलं नव्हतं. “त्या मानसाचं पुढं काय झालं?”

“कुणाचं काका?”

“ज्याला मारलं त्याचं.”

“जन्मठेप,” मागून कुणीतरी आनंदाने सांगितलं. उत्तर येत होतं ना.

“मारल्यावर कोन पन कबूल करंल,” बाबा म्हणाले आणि माझा हात शोधून उठले. “चल बाय.”

आमच्या बिल्डिंगीला लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर ते थांबले.

“तू कशाला तोंड लावलंस? उद्या तुला याच लोकांत राहायचंय.”

“मी सातवीत असताना तुम्ही हेच सांगितलं होतं,” मी म्हटलं. “तेव्हा मी तुम्हाला गप केलं.”

“ठाव हाय.”

“तुमचंच बरोबर होतं.”

“मला तवा तसं नाय वाटलं.” कठडा धरून ते दोन पायऱ्या चढले. “मला वाटलं, पोरगी शिकते, तिचंच खरं असंल. म्हटलं यांचा समुद्र तिकडं खालच्या अंगाला, दक्षिनंला असंल, तिकडं पुनवेला ओहोटी येत असंल. एकदा बंदरात रत्नागिरीचा खलाशी आला होता, त्याला इचारलं पन.”

“मग?”

“हसला. म्हनाला, दादा, दर्यात एवढी वर्सं काय केलंत?”

ज्या माणसाला अंधारातही पाण्याचा अंदाज चुकला नाही, त्याने सातवीतल्या एका उद्धट मुलीच्या भरवशावर परक्या खलाशाकडून स्वतःचं हसं करून घेतलं होतं. खालच्या खोलीतल्या लोकांवर मी जेवढी फणफणत वर चढले होते, तेवढी सगळी फणफण पुढच्या जिन्यात माझ्याच वाट्याला आली.

घरात आल्यावर थेंब घालताना मी शेवटचं विचारून पाहिलं, “राहा ना इथेच.”

“इथं मला दिवसातून धा येळा इचारतात,” ते डोळे मिटून म्हणाले. “जेवलात का, थेंब घातलं का, चा घेनार का. चांगली मानसं हायत. पन तिकडं मला दर्याचं पानी इचारतात.”

मी थेंबांच्या बाटलीला झाकण लावलं.

दोन-तीन दिवसांनी सेक्रेटरींचा फोन आला. पुढच्या रविवारी दरोड्याचा भाग आहे, त्यात समुद्र नाही, तेव्हा काकांना आणायला हरकत नाही, आम्हाला मजा येते. मी सांगितलं, काकांना वेळ नाही. मीही ग्रुपमधून बाहेर पडले. ‘अमुक बाहेर पडल्या’ असं तिथे आपोआप उमटतं. त्याखाली कुणीतरी टोपीचं चित्र टाकलं होतं, असं वहिनींनी नंतर सांगितलं.

गुरुवारी पालघरला डोळा तपासून घेतला आणि तिथूनच रिक्षाने मुरब्याला गेलो. खाडीच्या काठाला ओहोटीने उघडा पडलेला चिखल होता. एक जण होडीच्या सावलीत जाळं विणत बसला होता. बाबा रिक्षातून उतरतात न उतरतात तोच त्याने खालूनच विचारलं, “काका, पानी कवा भरंल?” डोळा कसा आहे, बरं वाटतं का, काही नाही.

“सा-साडेसा,” बाबा चालता चालता म्हणाले. काळा चष्मा तसाच होता.

माझ्या हातात त्यांची औषधांची पिशवी होती. “कसं काढलंत?” मी विचारलं.

ते थांबले. असं मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा विचारलं होतं, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. “आज तिथी कोनती?”

मी मोबाईल काढायला लागले.

“ठेव तो. अष्टमी. आठाची पाऊनपट कर.”

“सहा.”

“तीच भरतीची येळ. वर थोडं इकडं तिकडं धरायचं. आता उद्याचं सांग.”

नवमी. नवाची पाऊणपट. प्रयोगशाळेत मी दिवसभर दशांशात काम करते, पण इथे मला बोटं मोजावी लागली. “पावणेसात.”

बाबा त्या जाळंवाल्याकडे वळले. “आमची पोरगी सांगते, उद्या पावनेसात.”

त्याने माझ्याकडे, मग माझ्या पायातल्या सँडलकडे बघितलं. सुई तोंडात धरून धागा ओढला.

“बगू उद्या,” तो म्हणाला.